नशिबाचा हंडा

नाशिक
दि. १७ डिसेंबर १९७८

चि. सौ. लताबाई हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद व घरात सर्वांस सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. खुशाली वाचून बरं वाटलं, पण वर पुन्हा ‘ती. दादा’ लिहिलंसच. लता, आपण दीक्षा घेतली त्याला बावीस वर्षं झाली. आता आपल्याला कुठलं तीर्थ आणि कुठलं तीर्थरूप? ‘आदरणीय’ लिही, ते जड वाटत असेल तर नुसतं ‘दादा’ लिही. मास्तराच्या बहिणीला मायना सांगावा लागतो, ही काय गोष्ट झाली?

महत्त्वाचं हे की माझ्या यशोधराचा आणि तुझ्या चंदरचा, दोघांचेही अर्ज मुंबईच्या त्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षेसाठी गेले. कॉलेज दिल्ली सरकारचं आहे. देशभरातली पोरं परीक्षेला बसतात आणि मूठभर आत जातात. आमच्या हेडमास्तरांच्या साडूचा मुलगा तिथे शिकतो, तर त्याचं नाव घेताना हेडमास्तर आधी चष्मा पुसतात. आपल्या वस्तीतलं कोणी अजून त्या फाटकातून आत गेलेलं नाही. यशोने जावं एवढी एकच इच्छा माझ्या मनात उरली आहे. मुलगी म्हणून लोक बोलतात, त्यांना बोलू दे.

चंदरची काळजी करू नकोस. तुझ्या घरी असल्यासारखाच इथे राहतो. दोघं एकाच टेबलाशी बसतात. गणित अडलं की यशो आधी त्याच्या पाठीत एक दणका घालते आणि मग समजावून सांगते. परवा तो म्हणाला की मामा, नशिबात असेल तर लागेल नंबर. आमच्या घरचा कायदा तुला माहीत आहेच. जो ‘नशीब’ म्हणेल त्याने खालच्या नळावरून एक हंडा भरून जिना चढायचा. पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांना नशीब नशीब म्हणत गावाबाहेर बसवलं, तो शब्द माझ्या घरात चालणार नाही. तुझी वहिनी कलाबाई मागे जिन्यात घसरता घसरता वाचली आणि ‘नशीब माझं’ म्हणाली, तिलासुद्धा मी सोडलं नाही. चंदरने हंडा आणला. अर्धा जिन्यात सांडला, ते वेगळं.

आता एक तक्रार. चंदरच्या शाळेच्या दाखल्यावर अजून ‘हिंदू महार’ आहे. मल्हाररावांना मी किती वेळा सांगितलं की एक अर्ज द्या आणि बदलून घ्या. माझ्या शाळेत वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने ‘बौद्ध’ लिहिलं, आणि सख्खा भाचा हिंदू! चारचौघांत माझी मान खाली जाते. एवढं काम करून घे.

कळावे. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा,
सावळीराम

*

मनमाड
४ जानेवारी १९७९

ती. दादास,
लताचा शि. सा. नमस्कार आणि जयभीम.

पुन्हा ‘ती.’ लिहिलं म्हणून रागावू नको. शाळेत बाईंनी शिकवलं तसा हात आपोआप लिहितो. ते लिहिलं नाही तर पत्र अर्ध्या वाटेवरून परत येईल असं वाटतं.

दाखल्याचं यांना सांगितलं. हे म्हणाले रविवारी जाऊ. मी म्हटलं रविवारी शाळेला कुलूप असतं. तर म्हणाले, मग बाकीच्या दिवशी मला वर्कशॉप असतं. असा आमचा कारभार आहे, दादा. घरात बुद्धांची तसबीर आहे, रोज वंदना होते, मग कागदावर काय का असेना, असं यांचं म्हणणं. रेल्वेत माणूस पुष्कळ वर्षं राहिला की त्याला सगळंच उशिरा चालतं असं वाटायला लागतं.

चंदरने हंडा भरला हे वाचून मी फार हसले. इथे मी त्याला पाण्याचा तांब्या हातात देते. तू त्याला माणसात आणतो आहेस, हे फार चांगलं झालं.

त्या कॉलेजचं नाव मला नीट घेता येत नाही. तरी शेजारच्या गोजराबाईने विचारलं की मी मोठ्याने घेते. यशोचं होणारच. लहानपणी आमच्या घड्याळाचे काटे काढून तिने परत बसवले होते, ते मी विसरले नाही. तिचं इंजिन पुढे गेलं तर मागे चंदरचा डबाही जाईल, अशी मला आशा आहे. वहिनीच्या पायाला जपा.

आठवण ठेवता, तशीच ठेवा.
तुझी बहीण,
लता

*

नाशिक
दि. १५ जुलै १९७९

चि. सौ. लताबाई हिस,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

वि. वि. चंदरला घेऊन मल्हारराव मनमाडला पोचले असतील आणि पेढे वाटूनही झाले असतील. तुला सगळं नीट कळावं म्हणून लिहितो. मल्हारराव सांगताना निम्मं गाळतात.

परीक्षेत दोघंही सवलतीच्या यादीत आली हे तुला माहीत आहे. यशो वर होती, चंदर बराच खाली. दोघांना दाखले घेऊन मुंबईला बोलावलं. आम्ही चौघं गेलो. केवढं ते आवार! झाडं, तळं, मधून रस्ते. यशो रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीची पाटी वाचत चालली होती आणि चंदरला सांगत होती की इथे आपण अमुक शिकणार, तिथे तमुक.

कारकुनाने आधी चंदरचा दाखला पाहिला, शिक्का मारला. मग यशोचा पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाला की हिच्या कागदावर बौद्ध आहे. बौद्धांना सवलत तुमचं राज्य सरकार देतं, आमच्याकडे दिल्लीचा नियम चालतो, त्यात हिंदू आणि शीख एवढेच बसतात. मी म्हटलं, साहेब, हा मुलगा तिचा सख्खा आतेभाऊ आहे. एका घरात राहून, एका टेबलावर शिकून दोघं आली आहेत, आणि ती त्याच्या वर आहे. तो म्हणाला की ते सगळं खरं असेल, पण कागद एक नाही.

माणूस वाईट नव्हता. वरच्या साहेबांना विचारून कळवतो म्हणाला आणि तिचे मूळ दाखले ठेवून घेतले. माझी आशा त्यावरच आहे. इकडे राज्याच्या कॉलेजचे अर्ज सुरू झालेत, तिथे तिला जागा नक्की मिळेल, पण मूळ दाखल्यांशिवाय ते प्रवेश देत नाहीत. रोज पोस्टमनची वाट पाहतो.

येताना गाडीत दोघं समोरासमोर बसली होती. चंदर सारखा यशोकडे बघत होता. शेवटी तिनेच त्याच्या पाठीत दणका घातला आणि म्हणाली की तिथे वर्गात पुढच्या बाकावर बस.

चंदरचं कौतुक कर. त्याचा काही दोष नाही. मल्हाररावांचाही नाही. मनात काही आणू नकोस.
तुझा,
दादा

*

मनमाड
२४ जुलै १९७९

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा दारात बँड वाजत होता. स्टेशनजवळच्या आपल्या लोकांनी चंदरची मिरवणूक काढली, हार घातले. वर्कशॉपच्या साहेबांनी यांना खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दिली. गोजराबाईने माझी ओटी भरली. मी हसत होते आणि तुझं पत्र कमरेला खोचलेलं होतं. खोटं कशाला बोलू, दादा, मला आनंद झाला. मग आनंद झाला याची लाज वाटली. रात्री जेवण गेलं नाही.

ज्या आळसासाठी तू यांना बोललास त्याच आळसाने आमच्या पोराचं भलं झालं. हे आता कोणाला तोंड दाखवत नाहीत. म्हणतात, माझ्या हातून कधी काही झालं नाही आणि न होण्याचंच फळ मिळालं.

यांच्या ओळखीचे एक वकील आहेत. ते म्हणाले की कोर्टात प्रतिज्ञापत्र करून यशोच्या दाखल्यावर हिंदू महार करून घेता येईल, निदान पुढच्या वर्षी ती परत बसू शकेल. नुसता एक शब्द आहे, दादा. घरात आपण जे आहोत तेच राहू. पोरीचं आयुष्य आहे. एकदा विचार कर, मी पाया पडते.

तुझी,
लता

*

(पोस्टकार्ड)

नाशिक
दि. २८ जुलै १९७९

चि. लता,
जयभीम. वकिलाला सांग, तसदी घेऊ नये. तो शब्द आपल्या बापाने मरेपर्यंत सोसला. मी टाकला तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आणि टाकताना काही मिळेल म्हणून टाकला नव्हता. आता काही मिळतं म्हणून उचलायचा नाही. यशोला मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. हा विषय पुन्हा काढू नये.
सावळीराम

*

नाशिक
९ सप्टेंबर १९७९

प्रिय आत्या,
यशोचा जयभीम.

तुला मी कधी पत्र लिहीत नाही म्हणून तू चंदरजवळ रागावलीस असं कळलं. घे, आता लिहिते.

माझे दाखले परवा आले. पाकिटात एक चिठ्ठी होती, विनंती मान्य करता येत नाही अशी. राज्याच्या कॉलेजची मुदत गेल्या महिन्यातच संपली होती. बाबा तरीही पाकीट घेऊन पुण्याला गेले आणि परत आले. म्हणाले, सगळे सभ्यपणे बोलले. मी आता इथेच बी. एस्सी.ला नाव घातलं आहे. कॉलेज घरापासून जवळ आहे, द्वारका चौकावरून चालत जाता येतं. आईला तेवढंच बरं वाटतं.

आत्या, तुला म्हणून सांगते. तू बाबांना वकिलाचं लिहिलं होतंस ते पत्र मी वाचलं. बाबांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, मला माहीत नाही. कधी वाटतं, मी पण नाहीच म्हणाले असते आणि मग मला निदान माझं ‘नाही’ मिळालं असतं. आत्ता आहे ते बाबांचं आहे. यावरून त्यांच्याशी भांडावं असं मनात येतं, पण ते संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना घेऊन पाढे म्हणून घेत असतात, तेव्हा मागून त्यांची मान दिसते आणि मी आत निघून जाते.

एकदाच मी त्यांच्यासमोर म्हणाले की जाऊ द्या बाबा, नशीब. त्यांनी मला हंडा आणायला लावला नाही. स्वतः उठले आणि बाहेर गेले.

चंदरचं पत्र येतं. तिथे सगळी इंग्रजीतून बोलतात, माझा काही ताळमेळ लागत नाही असं लिहितो. मी त्याला माझ्या गणिताच्या वह्या पाठवल्या आहेत. त्याला सांग, पुढच्या बाकावर बस. मागे बसला तर मी मुंबईला जाऊन दणका घालीन.

माझ्यावर माया आहेच तुझी, पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
यशो

*

मनमाड
१९ जून १९८१

ती. दादास,
लताचा शि. सा. नमस्कार.

बरेच दिवसांत लिहिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं. चंदर परत आला.

सुट्टीला आला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, पण ट्रंक, गादी, बादली सगळं घेऊन आला तेव्हाच गोजराबाईने ओळखलं. तिथे त्याला दोनदा नापास केलं आणि आता येऊ नको म्हणून सांगितलं. पोरगं वाळून गेलंय. विचारलं तर बोलत नाही. यांना एकदा म्हणाला की सर फळ्याशी बोलायचे, मला समजायचं नाही, आणि विचारायला उठलो की मागची पोरं हसायची. जेवायला टेबलावर तो बसला की बाकीच्यांचं जेवण आटपायचं. खोलीच्या दारावर कोणी खडूने आपली जात लिहून ठेवायचं. तो रोज पुसायचा. दादा, ज्या शब्दाने आत घेतलं त्याच शब्दाने बाहेर काढलं. दिवसभर स्टेशनच्या पुलावर उभा राहून गाड्या बघतो. मी कोणाला ना कोणाला त्याच्या मागे पाठवते.

आता तुला एक विचारायचं आहे. हसू नको.

तिथली चंदरची जागा रिकामी झाली ना? मागच्या वर्षी वर्कशॉपमध्ये कोंडाजी वारला, तर त्याच्या जागी त्याच्या बायकोला लावली. घरातल्या माणसाची जागा घरातच राहते असा रेल्वेचा नियम आहे. ही जागाही आपल्या घरातलीच आहे, बाहेरच्याची नाही. मग चंदरच्या जागी यशोला बसवता येणार नाही का? कागद चंदरचाच राहील, तिचं नुसतं नाव लावायचं. ती गेली असती तर एवढ्यात निम्मी इंजिनिअर झाली असती. तू शिकलेला आहेस, तुला नीट बोलता येतं. एकदा जाऊन साहेबांना विचार. चंदरच हे मला म्हणाला. परत आल्यापासून तो स्वतः होऊन एवढं एकच बोलला, म्हणून लिहिते.

काही चुकलं असेल तर पोटात घाल.
तुझी,
लता

*

नाशिक
दि. ७ जुलै १९८१

चि. लता,
दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हसलो नाही. आधी तुला लिहायला बसलो की असं होत नसतं, जागा म्हणजे काही खाटल्यावरची गादी नव्हे. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. मग शिक्षण खात्यात काम आहे असं घरी सांगून मुंबईला गेलो.

आवार तसंच आहे. तळ्याकाठी पोरं बसली होती. ऑफिसात तो जुना कारकून नव्हता, नवा होता. समोर बरीच मंडळी होती, माझी पाळी उशिरा आली. त्याने मान वर न करता विद्यार्थ्याचं नाव विचारलं. मी सांगितलं, यशोधरा सावळीराम. मग त्याने जात विचारली.

मी म्हणालो, हिंदू महार.

लता, मला कोणी धरून म्हणायला लावलं नव्हतं. तोंडातून कसं निघालं ते मला सांगता येत नाही. पंचवीस वर्षांत तो शब्द जिभेवर आला नव्हता, आणि आला तेव्हा अगदी सफाईने आला, रोजचा असल्यासारखा. मागे रांगेत कोणी मराठी माणूस होता, त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. कारकुनाने ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. पेनाला टोपण लावून तो माझं काम काय ते ऐकायला लागला.

मी सगळं सांगितलं. भाचा होता, तो गेला, त्याची जागा रिकामी आहे, माझी मुलगी त्याच्याहून वर होती. सांगताना मलाच माझं बोलणं एखाद्या खेडुतासारखं वाटत होतं, पण मी थांबलो नाही. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. पहिलीच्या पोराला समजावतात तसं समजावलं की बाबा, पोरगा गेला की ती जागा कोणालाच मिळत नाही, त्याचा वर्ग बाहेर पडेपर्यंत ती तशीच रिकामी राहते. मी शिक्षक आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

चंदरला म्हणावं, मामा जाऊन विचारून आला. तू सांगितलंस म्हणून गेला. कारकून काय बोलला ते सांगू नकोस, नियमात बसत नाही एवढंच सांग. पुलावर त्याला एकट्याला सोडू नका. त्याला इकडे पाठव, इथे त्याचं टेबल आहे.

आणि मायन्यात ‘ती.’ लिहायचं असेल तर लिहीत जा. मी आता काही म्हणणार नाही.

परवा सकाळी मी हंडा घेऊन नळावर गेलो. एका हंड्याने काही फिटत नाही हे मला कळतं, पण घरातला कायदा माझाच आहे आणि दुसरी शिक्षा मला माहीत नाही. जिना चढताना दम लागला. यशो दारात उभी होती. मला हंडा घेऊन आलेलं पाहिलं आणि ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली. म्हणाली की बाबा, सापडलात, शेवटी तुम्हीसुद्धा नशीब म्हणालात ना?

मी हो म्हटलं.

आणखी काय लिहू? तुझा लोभ आहे तेवढा राहू दे.
दादा